सिनेमा दाखवा, पण आधी स्टोअरच्या किल्ल्या परत द्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत):

सांगलीजवळच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत हे वाचक टाइम ऑफिस आणि एचआर दोन्ही बघतात. साधारण 260 माणसं, तीन शिफ्ट. स्टोअरमधला एक जुना माणूस अडीच महिने मेडिकल रजेवर होता, मिरजेत मानसिक आजारावर ट्रीटमेंट झाली, आता डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट घेऊन तो परत हजर झालाय. पण कंपनीत त्याचं नाव 'सर्किट' पडलंय, कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलावर कोण बसत नाही, तो दिसला की पोरं "येरवडा का रत्नागिरी?" (दोन्हीकडं मनोरुग्णालयं आहेत) असं एकमेकांना विचारून हसतात. 'सेफ्टीसाठी' स्टोअरच्या किल्ल्या त्याच्याकडून काढून घेतल्यात आणि तो सध्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायली लावतो. वाचकांच्या मनात असं आहे की 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, सगळ्यांना एक सिनेमा दाखवायचा, मग चर्चा, आणि शेवटी त्या सहकाऱ्यानं स्वतः दोन शब्द बोलायचे. साहेब तयार आहेत. बायको मात्र म्हणाली, असं केलंत तर तो माणूस नोकरी सोडून जाईल. "ताई, आमची माणसं अडाणी आहेत, सिनेमा बघून तरी कळेल असं वाटतं. माझं चुकतंय का? आणि कुठला सिनेमा दाखवू?"

उत्तर:

नमस्कार दादा,

तुमच्या बायकोचं म्हणणं मला पटलं, हे आधीच सांगून टाकते. त्या माणसाला माइकपुढं उभं करू नका. तो हो म्हणाला तरी यावर्षी नको. हजेरी तुमच्याकडं, रजा तुमच्याकडं, इन्क्रिमेंटचा कागद तुमच्या टेबलावरून जातो, तुम्ही विचारल्यावर तो नाही कसा म्हणेल सांगा बरं? आणि नुकताच परत आलेला माणूस तर मुळीच म्हणणार नाही, त्याला वाटेल की हेपण नोकरी टिकवायचंच एक काम आहे. सिनेमाची आयडिया मात्र सोडू नका, ती चांगली आहे, फक्त कशाआधी काय करायचं ते उलटं झालंय.

पत्र वाचताना मी एका ठिकाणी अडकले. कॅन्टीनबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय, कोण काय म्हणालं, कोण कुठून उठून गेलं, सगळं. आणि किल्ल्यांबद्दल फक्त एक ओळ. आता या किल्ल्या कुणी काढून घेतल्या? मोल्डिंगच्या पोरांनी नाही, फेटलिंगच्या हेल्परनी नाही. तो निर्णय ऑफिसात झाला, कागद ऑफिसातून निघाला, कदाचित तुम्हालाच टाइप करायला लागला असेल. मग शॉपमधल्या माणसानं त्यातनं काय समजायचं? डॉक्टर म्हणतोय फिट आहे, कंपनी म्हणतीय किल्ल्या देण्यासारखा नाही. पोरं तुमच्या भाषणापेक्षा कंपनीच्या वागण्यावरनं अंदाज बांधतात, आणि त्यांनी बरोबर बांधला. 'सर्किट' हे नाव त्यांनी ठेवलं असेल पण त्यावर शिक्का ऑफिसचा आहे. मी तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही, तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याच्याकडनंपण हेच झालं असतं, वरून फोन आला की कागद काढावा लागतो हे मला माहितीये. पण हे बाजूला ठेवून सिनेमाकडं गेलात तर लोक दोन तास बसतील, वडापाव खातील आणि बाहेर पडल्यावर म्हणतील, बघा, आता त्याच्यासाठी पिक्चरपण लावला.

स्टोअरचं काम कसं असतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. सुपरवायझरची सही असलेली इश्यू स्लिप घेऊन माणूस खिडकीपाशी येतो, हँडग्लोव्ज, ग्राइंडिंग व्हील, वेल्डिंग रॉड, काय असेल ते मागतो, स्टोअरवाला बिन कार्डावर नोंद करतो, शिल्लक बघतो, "कालच नेलंस की दोन" असं म्हणून थोडी कटकट करतो आणि वस्तू देतो. दिवसभरात निम्मी कंपनी त्या खिडकीवर येऊन जाते. म्हणजे तुमच्या अख्ख्या फौंड्रीत सगळ्यात जास्त लोकांशी रोज बोलणारी दोन-तीन माणसं असतील तर त्यातला हा एक होता, आणि तुम्ही त्याला उचलून नेमकं अशा खोलीत बसवलंय जिथं दिवसभर कोण फिरकत नाही.

हे का सांगतेय, तर 2022 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलच्या कमिशननं याच विषयावर मोठा रिपोर्ट काढला होता, मानसिक आजारावरून होणारा भेदभाव कशानं कमी होतो यावर, आणि त्यात सगळ्यात ठळक गोष्ट ही होती की नुसत्या माहितीपेक्षा, हा अनुभव घेतलेल्या माणसाशी आलेला संबंध जास्त काम करतो. तुम्ही म्हणाल, मग मी तेच तर म्हणतोय की, त्याला बोलायला लावूया. पण स्टेजवर दहा मिनिटं बोलणारा माणूस आणि रोज सकाळी खिडकीत बसून ग्लोव्ज देणारा माणूस यात फरक आहे. पहिल्याकडं लोक बघतात. दुसऱ्याशी व्यवहार करतात, भांडतात, उधारीवर एखादा डिस्क मागतात, आणि पंधरा दिवसांनी विसरून जातात की हा कधी रजेवर होता म्हणून. तुम्हाला जे हवंय ते हे विसरणंच आहे ना?

आता सेफ्टीचं बोलू, कारण साहेब तोच मुद्दा काढणार. फौंड्रीत सेफ्टी हा काही बहाणा नसतो, भट्टी आहे, क्रेन आहे, ओतकाम आहे. नवीन औषध चालू असताना काहींना सकाळी गुंगी असते, काही औषधांत अंगातलं पाणी कमी पडून चालत नाही, उदाहरणार्थ लिथियम, आणि भट्टीजवळ घाम किती जातो ते सांगायला नको. काही आजारांत रात्रपाळीनं झोप मोडली की सगळं परत उसळतं. तेव्हा कामात बदल करावा लागू शकतो, त्यात भेदभाव नाही. पण तो कसा ठरवायचा? आजाराचं नाव विचारून नाही. त्याच्या कामाचं वर्णन एका कागदावर लिहा, किती तास, कुठली शिफ्ट, किती वजन उचलायचं, भट्टीपासून किती लांब, आणि तो कागद त्याच्याच हातानं डॉक्टरांकडं पाठवा, यातलं काय करता येईल, काय इतक्यात नको, एवढंच लिहून आणायला सांगा. डॉक्टर म्हणाले सहा महिने नाइट नको, तर नाइट नको. पण बदलावर तारीख घाला, अमुक तारखेला परत बघू. 'तात्पुरतं' लिहिलेल्या कागदाला तारीख नसली की तो कायमचा होतो, हे टाइम ऑफिसवाल्याला मी काय सांगायचं. आणि किल्ल्यांचा यातल्या कशाशी संबंध? कुलूप उघडायला भट्टीजवळ जावं लागत नाही. मनातली भीती 'हा माल इकडंतिकडं करेल, काहीतरी करून बसेल' अशी असेल तर ती भीती तशी बोलून दाखवा, सेफ्टीच्या नावाखाली लपवू नका. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत, उलट लोकच त्यांना त्रास देतात, आणि तुमच्या कॅन्टीनमध्ये सध्या तेच चाललंय.

दुसरं म्हणजे 'आमची माणसं अडाणी आहेत'. दादा, हे मला अजिबात पटलं नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं 2015-16 मध्ये देशभर मानसिक आरोग्याचा सर्व्हे केला, त्यात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. तुमच्या 260 जणांना तोच हिशोब लावला तर सत्तावीस-अठ्ठावीस माणसं होतात, आणि घरच्यांना धरलं तर ज्याचा याच्याशी संबंधच नाही असा माणूस शोधावा लागेल. त्यांना माहिती नाही असं नाही, त्यांना नको तितकी माहिती आहे. कुणाची बहीण बाळंतपणानंतर माहेरीच राहिलीय, कुणाचा चुलता देवस्थानाच्या वाऱ्या करून दमला, कुणाच्या घरात 'बाहेरचं आहे' म्हणून दोन वर्षं गेली आणि मग कोणीतरी मिरजेला नेलं. 2019 च्या पुरानंतर तर आपल्याकडं रात्री पावसाचा आवाज आला की उठून नदीचं पाणी किती फूट झालं ते मोबाइलवर बघत बसणारी माणसं घरोघरी होती, त्यांना कोण वेडं म्हणालं नाही कारण सगळीच तशी होती. तेव्हा जो पोरगा "येरवडा का रत्नागिरी" म्हणून हसतो तो अडाणी म्हणून हसतो असं धरून चालू नका, आपल्या घरातलं कुणाला कळू नये म्हणून सगळ्यात मोठ्यानं हसणारी माणसं मी बघितलीत.

आमच्याकडं सिनेमा दाखवून नंतर गप्पा घ्यायचं काम मी बरीच वर्षं करते, त्यातला एक अनुभव सांगते, म्हणजे चर्चेत काय होतं याचा अंदाज येईल. एका बँकेच्या ट्रेनिंग हॉलमध्ये स्किझोफ्रेनियावरचा सिनेमा झाला, लाइट लागले, मी आपली तयारी करून गेलेली, अभिनय, दिग्दर्शन, समाज वगैरे. पहिला हात वर झाला तो कॅशमधल्या एका गृहस्थांचा. प्रश्न एकच, हे आनुवंशिक असतं का? त्यांच्या मुलीचं लग्नाचं बघत होते आणि घरात त्यांचा धाकटा भाऊ होता. सोबत आलेल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आई-वडलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला व्हायची शक्यता साधारण शंभरात दहा, म्हणजे नव्वद जणांना होत नाही, आणि काका-पुतणी असं नातं असेल तर शक्यता त्याहून कमी. ते गृहस्थ खाली बसले, आणि त्यानंतर त्या हॉलमध्ये जे प्रश्न सुरू झाले ते अर्धा तास थांबेनात. एकही प्रश्न सिनेमाबद्दल नव्हता. सिनेमाचा उपयोग असा असतो, तो माणसाला स्वतःच्या घरचा प्रश्न दुसऱ्याच्या नावावर विचारायची सोय करून देतो. सिनेमानं मतं बदलतात वगैरे मला फारसं खरं वाटत नाही.

आता कुठला सिनेमा. मराठीत या विषयावर सगळ्यात मन लावून काम केलं ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीनं. 'देवराई' (2004) स्किझोफ्रेनियावर आहे, अतुल कुलकर्णी त्यात शेष नावाच्या माणसाचं काम करतात. 'कासव' नैराश्यावर आहे, त्याला 2017 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, आणि त्यात काम करणारे, निर्मितीतही असलेले डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यामुळं आजार उगाच तिखटमीठ लावून दाखवलेला नाही. फौंड्रीत दाखवायचा तर मी 'देवराई' घेईन. कारण त्यात आजारी माणसाइतकीच त्याची बहीण महत्त्वाची आहे, तिची ओढाताण, तिचा संसार आणि भाऊ यांच्यात होणारी तिची चटणी, आणि तुमच्या कंपनीतली बरीच माणसं शेषच्या नाही तर त्या बहिणीच्या जागी असणार. 'कासव' मलाही फार आवडतो पण त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचा विषय आहे, आणि 260 जणांत कोण त्यातून गेलंय हे तुम्हाला माहीत नसतं. तो दाखवायचाच असेल तर आधी स्पष्ट सांगायला पाहिजे की यात असं असं आहे, कुणाला मध्येच उठून जायचं असेल तर जा, कारण कोण विचारणार नाही.

हिंदीतले जुने पिक्चर मात्र नको, कितीही गाजलेले असले तरी. खोलीत कोंडलेला माणूस, दाढी वाढलेली, दोघं धरतायत, डोक्याला वायरी आणि करंट, तेच ते. शॉक ट्रीटमेंट ही आजपण काही गंभीर आजारांत उपयोगी पडणारी ट्रीटमेंट आहे, पण भूल आणि स्नायू सैल करायचं औषध न देता ती द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंदी आहे. ही एक गोष्ट तुमच्या चर्चेत कोणी ना कोणी विचारणारच, उत्तर तयार ठेवा.

एक तक्रार मात्र माझी सगळ्याच सिनेमांबद्दल आहे. पडद्यावरचा मानसिक रुग्ण एकतर खुनी असतो नाहीतर कलाकार. चांगल्या सिनेमातसुद्धा त्याच्यामागं समुद्र असतो, झाडं असतात, त्याला समजून घ्यायला वेळ असणारी माणसं असतात. सकाळी सातला पंच करून, गोळी खाऊन, दुपारी डबा उघडून, तीनला बसला लटकून घरी जाणारा रुग्ण कोण दाखवत नाही, आणि खरी संख्या त्यांचीच आहे. 'देवराई'तलं कोकण बघून तुमच्यातला कोणी म्हणेलच, "आपल्याला कुठं आलंय कोकण?" म्हणू दे. चर्चा तिथनंच सुरू करा. 'हा शेष आपल्या कंपनीत असता तर त्याला कुठल्या डिपार्टमेंटला घेतलं असतं? बरा होऊन आला असता तर कोण त्याच्याबरोबर जेवायला बसलं असतं?' असं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, पण बसा.

कार्यक्रम करायचाच झाला तर 260 जण एकदम नको. तीस-चाळीसच्या वर संख्या गेली की बोलणारे तेच चार जण बोलतात आणि बाकीचे मोबाइल काढतात. डिपार्टमेंटप्रमाणं गट करा, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर एक, सेकंडच्या आधी एक, आणि तो वेळ ड्यूटीत धरा, माणूस घरचा वेळ मोडून मानसिक आरोग्य ऐकायला बसणार नाही आणि बसू पण नये. आणि सगळ्यात पहिला शो साहेब, सुपरवायझर, शिफ्ट इन्चार्ज आणि सिक्युरिटी यांचा. हा मुद्दा मी सोडणार नाही. गेटवरच्या वॉचमनपासून ते प्रॉडक्शन मॅनेजरपर्यंत ज्यांच्या हातात दुसऱ्याची अडवणूक करायची ताकद आहे त्यांनी आधी बघायचं.

बरोबर तज्ज्ञ माणूस पाहिजेच, मानसोपचारतज्ज्ञ नाहीतर निदान क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मिरजेला शासकीय मेडिकल कॉलेज आहे, सांगलीत सिव्हिल आहे, तिथं जाऊन जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल विचारा. सातारच्या बाजूला 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्यावर बरीच वर्षं काम करतीय, त्यांनाही विचारता येईल. फक्त एक पथ्य, तुमच्या सहकाऱ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच बोलवायचं नाही. ते हॉलमध्ये आले आणि त्याच्याकडं बघून ओळखीचं हसले तरी झालं.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या. सगळ्यांना कागद द्या, ज्याला काही विचारायचं नाही त्यानंपण कोरी चिठ्ठी टाकायची, म्हणजे कुणी काही लिहिलं हे दिसत नाही. आणि चर्चेत कोणीतरी "आपल्याकडं पण एक हाय की" असं म्हणणारच, याची खात्री बाळगा. तो क्षण तुम्हाला सांभाळायला लागेल. रागावू नका, भाषण देऊ नका, नुसतं म्हणा, "आपण पडद्यावरच्या माणसाबद्दल बोलतोय, इथं असलेल्या किंवा नसलेल्या कुणाबद्दल नाही", आणि पुढची चिठ्ठी काढा. हे वाक्य घरी दोन-तीनदा म्हणून बघा, आयत्या वेळी तोंडातनं भलतंच निघतं. बॅनरसमोर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा मोह होईल, तो टाळा.

परवानगीचं पण बघा, हे कोण सांगत नाही. कुणाच्यातरी घरच्या ओटीटी अकाउंटवरून हॉलमध्ये पिक्चर लावायचा नसतो, ते सबस्क्रिप्शन घरगुती वापरासाठी असतं. निर्मात्यांना लिहा, काय कार्यक्रम आहे, किती माणसं आहेत ते सांगा आणि परवानगीचं उत्तर हातात आल्यावरच तारीख पक्की करा. मागायला लाजू नका.

आता त्या सहकाऱ्याशी कसं बोलायचं. ऑफिसात बोलावू नका, ऑफिसात बोलावलं की माणूस आधी घाबरतो. चहाला बाहेर टपरीवर जा. त्याला विचारायचं नाही की तू बोलशील का, त्याला सांगायचं की असा असा विचार चाललाय, सिनेमा हा आहे, तुझा विषय निघणार नाही याची काळजी मी घेईन, तरी लोक तुझ्याकडं बघतील हे खरं आहे, तुला काय वाटतं? आणि तो म्हणाला यावर्षी नको, तर यावर्षी नको. तुमची ऑक्टोबरची तारीख गेली तर काही बिघडत नाही, दिन दरवर्षी येतो. साहेबांना कार्यक्रम हवाच असेल तर झोप आणि रात्रपाळी हा विषय घ्या, किंवा दारू. फौंड्रीत या दोन्हीला कोण नाही म्हणणार नाही, आणि तिथून बोलणं आपोआप मनापर्यंत येतं. खरं सांगू, त्याला परत येऊन थोडेच दिवस झालेत म्हणून मी स्वतः हाच रस्ता घेईन आणि 'देवराई' पुढच्या वर्षावर ढकलेन, तोपर्यंत तो खिडकीत जुना झालेला असेल. पण तुमच्या कंपनीची हवा तुम्हाला माहिती, त्याचा होकार असेल तर यावर्षी करायला माझी ना नाही.

कॅन्टीनचं काय, हे तुम्ही विचारलंय. त्याला माझ्याकडं कार्यक्रम नाही. तुम्ही तुमचा डबा घेऊन त्याच्या टेबलावर बसा. पहिल्या दिवशी लोक म्हणतील साहेबांनी बसवलं असणार, तुम्ही बसत राहा, आजाराबद्दल चकार शब्द काढू नका, मॅचबद्दल बोला, द्राक्षाच्या दराबद्दल बोला. आणखी एकजण मिळाला, युनियनमधला कोणी जुना माणूस, ज्याचा शब्द पोरं ऐकतात, तर तुमच्या कुठल्याही बॅनरपेक्षा जास्त काम होईल. आणि त्या टोपणनावावर मेमो काढू नका. मेमो काढला की ते नाव तुमच्या माघारी आणखी जोरात चालतं. सुपरवायझर मंडळींना मात्र दारामागं स्पष्ट सांगा की तुमच्या तोंडातनं ते नाव आलं तर चालणार नाही.

अजून एक, कागदांचं. त्याच्या रजेचं कारण किती जणांना माहिती झालं आणि कसं, याचा जरा शोध घ्या. रजेच्या अर्जाला जोडलेलं सर्टिफिकेट टाइम ऑफिसच्या उघड्या फाइलमध्ये असतं का? व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी फोटो टाकला का? मानसिक उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क पेशंटला 2017 च्या कायद्यानं दिलाय आणि डॉक्टर-दवाखान्यांवर तशी जबाबदारी आहे, तुम्ही डॉक्टर नसलात तरी तोच नियम तुमच्या कपाटाला लावा, कुलूप आणि किल्ली तुमच्याकडं. अपंगांच्या हक्काच्या 2016 च्या कायद्यातही मानसिक आजार धरलेला आहे, आणि प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण करायचं असं त्यात आहे, तुमच्या कंपनीत ते धोरण आहे का बघा, नसेल तर साहेबांना पटवायला हा चांगला मुद्दा आहे, ऑडिटचं नाव काढलं की साहेब लोक बसून ऐकतात. त्या माणसाला ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू असेल तर तेही तपासा, दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे काही मानसिक आजार येतात आणि नेहमीच्या 91 दिवसांच्या पुढं वाढीव आजारपणाचा लाभ मिळू शकतो. पुढच्या वेळी रजा लागली तर बिनपगारी म्हणून त्याचं नुकसान व्हायला नको.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, जे कुठल्या बँकेत, शाळेत, साखर कारखान्यात असाच कार्यक्रम करायच्या विचारात असतील त्यांना आणि ज्यांना स्वतःलाच बोलायचंय त्यांनाही, 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतून बोलता येतं. कार्यक्रम झाल्यावर हा नंबर फळ्यावर लिहून ठेवा, आणि संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूलापण चिकटवा, फळ्यासमोर उभा राहून नंबर उतरवून घ्यायची हिंमत सगळ्यांना नसते.

साहेबांना पटवायचं तर किल्ल्यांपासून सुरुवात करा. एक तारीख मागा, डॉक्टरांचा कामाबद्दलचा कागद पुढं ठेवा, पहिला महिना हवं तर दुसऱ्या स्टोअरवाल्याबरोबर जोडीनं द्या, पण खिडकीत तोच बसेल असं बघा. सिनेमाचा विषय त्यानंतर काढा. आणि हो, तुमच्या त्या चिठ्ठ्या वाचून झाल्या की लगेच तिथंच फाडून टाका, स्टोअरच्या स्लिपा लिहून लिहून सगळ्यांना सगळ्यांचं अक्षर ओळखू येतं.